वॉट्स हॉस्पिटलचं नर्सेस होम

मॉरिसव्हिल-कॅरीच्या मराठी घरांत ‘सायन्स अँड मॅथ’ हे शब्द मूल दहावीत गेलं की कानावर यायला लागतात. पूर्ण नाव नॉर्थ कॅरोलायना स्कूल ऑफ सायन्स अँड मॅथेमॅटिक्स. अकरावी-बारावीची सरकारी निवासी शाळा. फी नाही, खोली नि जेवणही शाळेचं. जागा राज्यातल्या काँग्रेशनल डिस्ट्रिक्टप्रमाणे वाटलेल्या असतात, त्यामुळे आपल्या भागातून निवड व्हायची म्हणजे चुरस आलीच. निवड झाली की ऑगस्टमध्ये गाडीत उशा, चादरी, मॅगीची पाकिटं आणि लोणच्याची बरणी भरून आय-40 आणि 147 धरून डरहॅमला जायचं. खोकी घेऊन जिने चढताना पालकांपैकी कुणी ना कुणी विचारतंच, ही इमारत शाळेसारखी का दिसत नाही हो?

दिसणार कशी? ती 1909 ते 1976 पर्यंत वॉट्स हॉस्पिटल होती. ब्रॉड स्ट्रीट आणि क्लब बुलेव्हार्डच्या कोपऱ्यावरचा ते लाल कौलांचं, गिलाव्याच्या भिंतींचं, स्पॅनिश मिशन घाटाचं सगळं आवार रुग्णांसाठी बांधलेलं. घरापासून लांब आलेल्या तरुण मुलींना त्या आवारात जागा देण्याची रीत मात्र शाळेने सुरू केलेली नाही. इथं नर्सिंग शिकणाऱ्या मुली राहायच्या. त्यांच्या वसतिगृहाला नर्सेस होम म्हणत. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत एका अमेरिकन नर्सेस होमचा इतिहास कशाला, असा प्रश्न कार्यकारिणीत निघाला होता. आपली मुलं ज्या छपराखाली दोन वर्षं झोपतात, ते छप्पर कुणाच्या कष्टांनी तगलं एवढं तरी आपल्याला ठाऊक असावं, असं माझं मत. ते मान्य झालं म्हणून हा लेख.

हॉस्पिटल ज्यांच्या नावाचं ते जॉर्ज वॉशिंग्टन वॉट्स तंबाखूचे व्यापारी. जन्म 1851चा, मेरीलँडमधला. ड्यूक कुटुंबाच्या तंबाखूच्या धंद्यात ते 1878 मध्ये भागीदार झाले आणि सिगारेटने त्या धंद्याला जे दिवस दाखवले त्यात त्यांचाही वाटा होता. त्या वेळच्या डरहॅममध्ये गिरण्या होत्या, तंबाखूची गोदामं होती, टायफॉइड होता, पण हॉस्पिटल नव्हतं. आजारी माणूस घरीच बरा व्हायचा किंवा घरीच जायचा. वॉट्स यांनी 1895च्या फेब्रुवारीत मेन स्ट्रीट आणि आजच्या बुकॅनन बुलेव्हार्डच्या कोपऱ्यावर 22 खाटांचं हॉस्पिटल बांधून गावाला दिलं. नुसती इमारत देऊन ते थांबले नाहीत, चालवण्यासाठी कायम निधीही ठेवला. दान देताना पुढच्या खर्चाचा विचार करणारे दाते तेव्हाही थोडेच होते. ती मूळ जागा पाहायची असेल तर आज तिथं हॉटेल आहे. त्याच्या दर्शनी भागात दिसणारी जुनी भिंत वॉट्सची नाही, नंतर तिथं आलेल्या मॅकफर्सन हॉस्पिटलची आहे.

हॉस्पिटलबरोबर त्याच वर्षी नर्सिंगची शाळा निघाली. आजवर अखंड चालू असलेल्या राज्यातल्या नर्सिंग शाळांत हीच सर्वांत जुनी. चौदा वर्षांत 22 खाटांची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा वॉट्स यांनी पुन्हा पैसे काढले आणि गावाच्या पश्चिमेला मोकळ्या माळावर नवं हॉस्पिटल उभं केलं. आराखडा बॉस्टनच्या बर्ट्रंड टेलर यांचा. 1909च्या डिसेंबरात त्याचं उद्घाटन झालं. एकच मोठी इमारत न बांधता वेगवेगळ्या इमारती मोकळ्या हवेत पसरायच्या आणि त्या छपरी वाटांनी जोडायच्या, ही त्या काळची रीत होती. संसर्गाची भीती मोठी होती आणि प्रतिजैविकं यायला अजून तीस-पस्तीस वर्षं होती. हवा आणि ऊन हीच औषधं. आज मुलं एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाताना लांबच लांब कॉरिडॉरवरून कुरकुरतात, त्याचं मूळ तिथं आहे.

आता ज्या बाईंसाठी हा लेख मुळात लिहायला घेतला, त्यांच्याकडे वळतो.

मेरी ल्युइस वाइच. जन्म 1858, नॉर्थ कॅरोलायनातल्या हेंडरसन गावाजवळचा. सिव्हिल वॉर सुरू व्हायच्या तीन वर्षं आधीचा. त्या काळात बऱ्या घरातल्या मुलीने करायच्या कामांची यादी फार लांब नव्हती. वाइचबाईंनी चॅपल हिलला घर घेऊन भावांच्या शिक्षणासाठी खानावळवजा बिऱ्हाड चालवलं. भाऊ शिकून बाहेर पडल्यावर त्या स्वतः शिकायला निघाल्या. फिलाडेल्फियाच्या जनरल हॉस्पिटलातून 1894 मध्ये त्या नर्स झाल्या तेव्हा वय 36. (आपल्या आनंदीबाई जोशी त्याच शहरातून आठ वर्षं आधी, 1886 मध्ये, डॉक्टर झाल्या होत्या. एकविसाव्या वर्षी.) भावांची शिक्षणं झाल्यावर मग आपलं, हा क्रम आपल्या आज्या-पणज्यांना अनोळखी वाटला नसता.

परत येऊन त्यांनी रॅलीच्या रेक्स हॉस्पिटलात नर्सिंगची शाळा काढली. पहिल्या तुकडीत पाच मुली. मग काही काळ ग्रीन्सबरोच्या मुलींच्या सरकारी कॉलेजात त्या दवाखाना सांभाळत होत्या. 1901 मध्ये बफेलोला जगभरच्या नर्सांची परिषद भरली, तिला त्या गेल्या आणि तिथं एक गोष्ट डोक्यात घेऊन आल्या: नर्सांची संघटना हवी आणि नर्स म्हणवून घ्यायला कायद्याची नोंद हवी. तोवर कुणीही पांढरा एप्रन चढवून नर्स होऊ शकत होतं आणि घरोघरी जाऊन रोजंदारी करू शकत होतं. वाइचबाईंनी रॅलीतल्या नर्सांना बैठकीसाठी हाताने लिहून पत्रं पाठवली. पहिल्या बोलावण्याला कुणीच आलं नाही. मंडळाच्या सभा बोलावणाऱ्यांना हा अनुभव नवा नसावा. त्यांनी पुन्हा बोलावलं. 1902च्या ऑक्टोबरात राज्याची नर्सेस असोसिएशन स्थापन झाली, पहिल्या अध्यक्ष वाइचबाई.

पुढचं पाऊल विधिमंडळात. बायकांना मतदानाचा हक्क मिळायला अजून सतरा वर्षं होती. मत नसलेल्या बायकांनी मत असलेल्या पुरुषांकडून आपल्या धंद्याचा कायदा करून घ्यायचा होता. 3 मार्च 1903 रोजी तो मंजूर झाला. नर्सांच्या नोंदणीचा अमेरिकेतला तो पहिला कायदा. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, व्हर्जिनिया त्याच वर्षी, पण मागून. जूनमध्ये न्यू बर्न इथं जोसेफिन बर्टन यांनी कोर्टाच्या क्लार्कपुढे नाव नोंदवलं आणि त्या देशातल्या पहिल्या रजिस्टर्ड नर्स ठरल्या. ‘आरएन’ ही दोन अक्षरं नावापुढे लावण्याची सुरुवात आपल्या राज्यातून झाली, हे इथं वीस-वीस वर्षं हॉस्पिटलांत नोकरी केलेल्यांनाही माहीत नसतं. कायदा विधिमंडळात जाताना बराच पातळ करून घ्यावा लागला होता हेही खरं. पण मुंबई इलाख्यात नर्सांच्या नोंदणीचा कायदा 1935 मध्ये आला, हे ध्यानात घेतलं की 1903चं मोल कळतं.

त्याच 1903 मध्ये वाइचबाई वॉट्स हॉस्पिटलच्या आणि तिथल्या नर्सिंग शाळेच्या सुपरिंटेंडेंट म्हणून आल्या आणि 1913 पर्यंत राहिल्या. म्हणजे मेन स्ट्रीटवरून ब्रॉड स्ट्रीटवर जे स्थलांतर झालं ते त्यांच्या कारकिर्दीतलं. आवारातल्या नर्सांच्या राहण्याच्या इमारतीला पुढे त्यांचंच नाव मिळालं: वाइच हाउस. दात्यांची, जावयांची, गव्हर्नरांची नावं असलेल्या त्या कॅम्पसवर नोकरी करून पगार घेतलेल्या बाईचं नाव इमारतीला असणं मला विशेष वाटतं.

नर्सेस होम ही गोष्ट नेमकी काय होती हे समजल्याशिवाय त्या नावाचं महत्त्व कळणार नाही. आपल्याकडे जे.जे., ससून, केईएमच्या नर्सिंग हॉस्टेलांत राहिलेल्या ज्या ताई-मावशी असतील त्यांना काही समजावून सांगायला नको. होम सिस्टर म्हटलं की त्यांचा पदर आपोआप सरळ होतो. बाकीच्यांसाठी सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत नर्सिंगच्या शाळा पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. 1890 मध्ये त्या 35 होत्या, 1900 मध्ये 432 झाल्या. विद्येचं प्रेम हे त्यामागचं कारण नव्हतं. शाळा काढली की हॉस्पिटलला फुकट हात मिळत. मुलीने दोन-तीन वर्षं वॉर्डात राबायचं. मोबदल्यात राहणं, जेवण, गणवेशाची धुलाई आणि हातखर्चाला महिना थोडे डॉलर. सकाळी सात ते संध्याकाळी सात ड्यूटी, मध्ये जमलं तर दोन तास मोकळे. डॉक्टरांची व्याख्यानं संध्याकाळी, म्हणजे बारा तास उभं राहून झाल्यावर. नाइट ड्यूटी लागली की महिनाभर सूर्य पडद्याआडूनच. पगारी नर्स वॉर्डात जवळजवळ नसेच. एक सुपरिंटेंडेंट, हाताखाली एक-दोन प्रशिक्षित बायका. बाकी सगळं हॉस्पिटल विद्यार्थिनी चालवत. शिक्षण संपून पिन लागली की मुलीची खोलीही जायची आणि कामही. हॉस्पिटलला पदवीधर नको असे, कारण तिला पगार द्यावा लागे; तिच्या जागी नवी विद्यार्थिनी येई. बाहेर पडलेली नर्स मग पैसेवाल्यांच्या घरी जाऊन खासगी काम करी, टायफॉइडच्या रुग्णापाशी महिना-महिना तिथंच मुक्काम ठोकून.

एवढी माणसं चोवीस तास हाताशी हवीत तर ती आवारातच राहायला हवीत. हे झालं हॉस्पिटलचं गणित. मुलींच्या घरच्यांचं गणित वेगळं होतं. शेतावरचा किंवा गिरणीतला बाप मुलीला शहरात एकटी पाठवणार कसा? तिथं परक्या पुरुषांची अंगं पुसायची, रात्री-अपरात्री वॉर्डात फिरायचं. त्याला नर्सेस होमने उत्तर दिलं. दाराशी हाउसमदर, आत-बाहेर जाण्याची वही, ठरलेल्या वेळेला दिवे बंद, भेटायला येणाऱ्या तरुणाने खालच्या दिवाणखान्यातच बसायचं, लग्न केलं की शाळा सुटली. प्रवेशाला पाद्र्याचं चारित्र्याचं पत्र. नव्या मुलीला ‘प्रोबी’ म्हणत आणि काही महिने बघून मगच टोपी मिळे. स्टार्च केलेली ती पांढरी टोपी डोक्यावर बसवण्याचा समारंभ मेणबत्त्या लावून होई. टोपीची घडी प्रत्येक शाळेची वेगळी. घडीवरून मुलगी कुठली ते ओळखू यायचं.

हे सगळं आज जाचक वाटतं, आणि जाचक होतंच. तरी तराजूचं दुसरं पारडंही पाहायला हवं. त्या काळात खेड्यातल्या मुलीला बापाच्या घरातून नवऱ्याच्या घरी जाण्याआधी स्वतःचा पलंग, स्वतःचं कपाट आणि बरोबरीच्या वीस मैत्रिणी मिळण्याची ही जवळजवळ एकमेव वाट होती. तिसऱ्या वर्षाची मुलगी रात्री एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळत असे. बाहेरच्या जगात तिच्या वयाच्या बाईवर इतकी जबाबदारी कुणी टाकली नसती. जाच आणि सुटका एकाच छपराखाली.

आपल्या बाजूला हीच गोष्ट कशी घडली ते पाहणं उद्बोधक आहे. मुंबईत बायकांसाठीचं कामा हॉस्पिटल 1886 मध्ये उघडलं. जे.जे. हॉस्पिटलात 1891 मध्ये काशीबाई गणपत नर्सिंग शिकायला आल्या. पहिल्या भारतीय नर्स म्हणून नर्सिंगच्या पुस्तकांत त्यांचं नाव येतं. त्या पुस्तकांत त्यांच्याविषयी याहून फारसं काही नसतं. पुण्यात रमाबाई रानड्यांनी 1909 मध्ये सेवासदन उभं केलं, म्हणजे ज्या वर्षी ब्रॉड स्ट्रीटवरचं हॉस्पिटल उघडलं त्याच वर्षी. पुढे सेवासदनने ससूनमध्ये नर्सिंग शिकणाऱ्या मुलींची व्यवस्था लावली, त्यांच्यासाठी वसतिगृह चालवलं. त्यात विधवा पुष्कळ. इथं बापाला भीती होती ती शहराची. तिथं त्याच्या जोडीला सोवळं होतं, कुठल्याही जातीच्या माणसाचा मळ आपल्या बाईने काढायचा म्हणजे काय, हा आक्षेप होता. रमाबाईंनाही आधी वसतिगृहाचं दार भक्कम करावं लागलं, मगच घरचे मुली पाठवू लागले. हिंगण्याला कर्व्यांनी आणि मुंबईत शारदासदनात पंडिता रमाबाईंनी तेच केलं होतं. बाईच्या शिक्षणाच्या इतिहासात शाळेइतकीच वसतिगृहाची पानं असायला हवीत. आपण शाळांचे अमृतमहोत्सव करतो आणि वसतिगृहं विसरतो.

सोवळं इथंही होतं, पण कातडीच्या रंगाचं. वॉट्स हॉस्पिटल गोऱ्यांसाठी होतं, आणि नर्सेस होमही. काळ्या वस्तीसाठी 1901 मध्ये वेगळं लिंकन हॉस्पिटल निघालं. त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. ड्यूक कुटुंबाच्या मनात होतं की सिव्हिल वॉरच्या काळात मालकांशी इमान राखलेल्या गुलामांचं एक स्मारक ट्रिनिटी कॉलेजच्या आवारात उभारावं. गावातले पहिले काळे डॉक्टर ॲरन मूर आणि जॉन मेरिक यांनी त्यांना पटवलं की दगडाच्या पुतळ्यापेक्षा हॉस्पिटल बांधा. मेरिक हे वॉशिंग्टन ड्यूक यांचे न्हावी. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला गोष्ट पटवण्याची कला त्यांना चांगली साधली असणार. याच दोघांनी पुढे नॉर्थ कॅरोलायना म्युच्युअल ही काळ्या समाजाची मोठी विमा कंपनी नावारूपाला आणली.

लिंकनची नर्सिंग शाळा 1903 मध्ये सुरू झाली आणि 1971 पर्यंत चालली. दक्षिणेतल्या काळ्या मुलींना शिक्षिका सोडून दुसरा मानाचा पेशा मिळण्याची जी थोडी दारं होती त्यांतलं हे एक. जुनी इमारत जळाल्यावर विसाच्या दशकाच्या मध्यात फेएटव्हिल स्ट्रीटवर नवं हॉस्पिटल झालं. तिथल्या नर्सेस होमला बेंजामिन ड्यूक यांच्या अकाली गेलेल्या मुलाचं, एंजियरचं नाव दिलं गेलं. म्हणजे एकाच गावात, एकाच तंबाखूच्या पैशावर उभी राहिलेली दोन नर्सेस होम. अभ्यासक्रम तोच, राज्याची परीक्षा तीच, रविवारी मैत्रिणी होऊन हिंडण्याची मात्र सोय नाही.

वॉट्सचा पुढचा काळ थोडक्यात सांगतो. जॉर्ज वॉट्स 1921 मध्ये गेले. जावई जॉन स्प्रंट हिल आणि नातू जॉर्ज वॉट्स हिल यांनी हॉस्पिटलचा भार उचलला, नवे विंग बांधले. 1930च्या सुमारास ड्यूक विद्यापीठाने स्वतःचं हॉस्पिटल आणि नर्सिंग शाळा काढली, तिच्याही मुलींसाठी आवारात वसतिगृह बांधलं. गावात तिसरी टोपी आली. मग मंदी आली. खासगी रुग्णांकडे पैसे उरले नाहीत, घरोघरी काम करणाऱ्या नर्सा बेकार झाल्या, आणि हॉस्पिटलांची बिलं थकली. त्यातून 1933 मध्ये डरहॅममध्ये हॉस्पिटल केअर असोसिएशन निघाली. दरमहा थोडे पैसे भरा, आजारी पडलात तर हॉस्पिटलचा खर्च आम्ही देऊ. वॉट्स हिल यांचा त्यात पुढाकार होता. आपल्यापैकी निम्म्यांच्या पाकिटात जे ब्लू क्रॉसचं कार्ड असतं, त्या कंपनीच्या दोन मुळांपैकी एक हे.

मंदीने नर्सेस होमचंही गणित बदललं. बेकार पदवीधर नर्सा इतक्या स्वस्तात मिळू लागल्या की हॉस्पिटलांनी त्यांना वॉर्डात नोकरीवर घेतलं, आणि विद्यार्थिनींच्या बारा तासांचे हळूहळू आठ झाले. दुसऱ्या महायुद्धात उलट टंचाई. 1943च्या कायद्याने कॅडेट नर्स कोर सुरू झालं. फी, पुस्तकं, करड्या रंगाचा गणवेश सरकारी खर्चाने. देशभरातून सव्वा लाखाच्या आसपास मुली त्यातून नर्स झाल्या. नर्सिंगच्या शाळांच्या वसतिगृहांना इतकी गर्दी त्याआधीही नव्हती आणि नंतरही झाली नाही.

ओहोटी लागली ती साठच्या दशकात, आणि ती अनेक बाजूंनी लागली. 1963 मध्ये ग्रीन्सबरोच्या एका खटल्यात कोर्टाने ठरवलं की सरकारी मदत घेणाऱ्या हॉस्पिटलांना वर्णभेद करता येणार नाही. दोन वर्षांनी मेडिकेअर आलं आणि पैशाची दोरी केंद्र सरकारच्या हाती गेली. गोऱ्यांचं एक आणि काळ्यांचं एक अशी दोन हॉस्पिटलं चालवणं गावाला परवडेना आणि शोभेनाही. त्याच 1965 मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनने जाहीर केलं की नर्सिंगचं शिक्षण कॉलेज-विद्यापीठांत व्हायला हवं. इकडे मुली बदलल्या होत्या. विवाहितांना प्रवेश मिळू लागला, मुलगे येऊ लागले, आणि दहाच्या आत परत ये असं सांगणारी हाउसमदर वीस वर्षांच्या मुलीला सहन होईना. ज्या भक्कम दारामुळे घरचे मुली पाठवत, तेच दार आता नको झालं.

1976 मध्ये गावाच्या उत्तरेला डरहॅम काउंटी जनरल हॉस्पिटल उघडलं, म्हणजे आजचं ड्यूक रीजनल. वॉट्स आणि लिंकन दोन्ही त्यात विलीन होऊन बंद झाली. वॉट्सची नर्सिंग शाळा मात्र नव्या जागी गेली आणि टिकली. आता ती वॉट्स कॉलेज ऑफ नर्सिंग आहे, पदवी देते. लिंकनची शाळा पाच वर्षं आधीच मिटली होती. त्या जागी लिंकन कम्युनिटी हेल्थ सेंटर चालतं आणि विमा नसलेल्यांचा मोठा आधार आहे, पण जुनी इमारत राहिलेली नाही. दोन हॉस्पिटलं एकाच वर्षी बंद पडली. एकाच्या भिंती राष्ट्रीय वारसा यादीत गेल्या, दुसऱ्याच्या पाडल्या गेल्या. स्मरणिकेत कडू लिहू नये म्हणतात, पण हे लिहिल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

वॉट्सच्या भिंती वाचल्या त्याचं श्रेय शाळेला. गव्हर्नर जिम हंट, माजी गव्हर्नर टेरी सॅनफर्ड आणि लेखक जॉन ईली यांच्या डोक्यात विज्ञान-गणिताची निवासी शाळा घोळत होती. 1978 मध्ये विधिमंडळाने मंजुरी दिली. जागेसाठी गावांत चढाओढ लागली, तेव्हा डरहॅमने आपलं रिकामं पडलेलं हॉस्पिटल पुढे केलं. शेकडो मुलांना राहायला, जेवायला, शिकायला जागा लागणार. हॉस्पिटलात खोल्या, स्वयंपाकघर, लाँड्री, सगळंच तयार. 1980च्या सप्टेंबरात पहिली 150 मुलं आली. त्याच वर्षी आवार वारसा यादीत नोंदलं गेलं. सार्वजनिक खर्चाने चालणारी अशा धर्तीची ही देशातली पहिली शाळा, आणि तिचं पाहून इतर राज्यांनी आपापल्या काढल्या.

आता वसतिगृहांत नियम पुन्हा आले आहेत, कारण मुलं सोळा-सतरा वर्षांची आहेत: आत-बाहेर जाताना नोंद, रात्रीची हजेरी, पाहुण्यांच्या वेळा. आठवड्याला काही तास अंगमेहनतीचं कामही मुलांकडे येत आलंय, त्याला वर्क सर्व्हिस म्हणतात: जेवणघर आवरणं, वर्ग झाडणं. घरी ताट न उचलणारा मुलगा तिथं टेबलं पुसतो हे कळल्यावर आपल्या आयांना होणारा आनंद पाहण्यासारखा असतो. वाइचबाईंच्या मुली हेच काम दिवसाला बारा तास करत, आणि वर रुग्ण. भुताच्या गोष्टीही भरपूर आहेत. हॉस्पिटलाच्या जागेत शाळा म्हटल्यावर शवागार कुठं होतं ही चर्चा प्रत्येक नवी तुकडी पहिल्याच आठवड्यात उरकते. नर्सांची नावं मात्र त्या गोष्टींत कधी येत नाहीत.

वाइचबाई उतारवयात हेंडरसनजवळच्या आपल्या शेतावर जाऊन राहिल्या आणि राज्यातल्या नर्सिंगचा इतिहास लिहीत बसल्या. 1936च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. पुस्तक दोन वर्षांनी, 1938 मध्ये, चॅपल हिलच्या विद्यापीठाने छापलं. हॉस्पिटलोहॉस्पिटली पत्रं पाठवून त्यांनी शाळा कधी निघाली, पहिल्या मुली कोण, सुपरिंटेंडेंट कोण, अशी माहिती गोळा केली होती. पुस्तक वाचायला रुक्ष आहे, याद्याच जास्त. पण नॉर्थ कॅरोलायनातल्या कुठल्याही जुन्या नर्सेस होमविषयी काही शोधायचं झालं तर सुरुवात त्या याद्यांपासूनच करावी लागते.